रविवारचा वार

महिन्यातल्या एका रविवारी आमच्या घरी दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो. त्या दिवशी मी कणकेला तेलाचा हात जरा सढळच लावते, म्हणजे पोळ्या दुपारपर्यंत मऊ राहतात. बटाट्याची कोरडी भाजी, शेंगदाण्याची चटणी, गुळाच्या दशम्या आणि एका डबीत लिंबाचं गोड लोणचं. सहाच्या ठोक्याला चार कप्प्यांचा डबा पिशवीत जातो आणि मी पाटसच्या फाट्यावर येऊन उभी राहते. चौफुल्याला उतरायचं, तिथून न्हावऱ्याकडे जाणारी गाडी धरायची. मध्ये भीमा लागते. पूल ओलांडला की दौंड तालुका संपला, शिरूर सुरू. न्हावरा, तळेगाव ढमढेरे, शिक्रापूर असं करत करत पिंपळे जगतापला पोहोचेपर्यंत ऊन चांगलं वर आलेलं असतं. तिथे आपल्या पुणे जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय आहे. माझी लेक तिथली.

परवा शेजारच्या काकूंनी शेवटी विचारलंच, "अगं, तुझी लेक तर वर्षभरासाठी तिकडं उत्तरेत गेलीय म्हणतेस. मग हा डबा घेऊन चाललीस कुणाकडं?"

मी म्हटलं, "काकू, माझा वार आहे."

त्यांना काही उमगलं नाही. मैत्रिणींनो, तुम्हालाही उमगलं नसेल. सांगते, पण त्यासाठी जरा मागे जावं लागेल.

माझं माहेर शिरूर तालुक्यात, घोडनदीच्या काठाला. मी चौथीत होते ते साल १९९२. तेव्हा चौथीची आणि सातवीची स्कॉलरशिप म्हणजे गावात केवढी मोठी गोष्ट! गुरुजी दिवाळीनंतर रात्रीचा वर्ग घ्यायचे, आम्ही घरून कंदील घेऊन जायचो. (पुढे २०१६-१७ पासून ही परीक्षा पाचवी-आठवीला गेली आणि २०२५ मध्ये सरकारने ती पुन्हा चौथी-सातवीला आणायचं ठरवलं. असो.) मला स्कॉलरशिप मिळाली. शाळेत पेढे वाटले, गुरुजींनी नारळ दिला. त्या काळी मुलांसाठी साताऱ्याकडे पुसेगावला सरकारी विद्यानिकेतन होतं. खेड्यातली हुशार मुलं तिथे राहून शिकायची. मुलींचं काय? गुरुजींनी शोधाशोध केली आणि पुण्यातल्या मुलींच्या एका वसतिगृहाचा फॉर्म आणून दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या हातात दिला.

दादा नाही म्हणाले नाहीत. आजीने तो फॉर्म घडी घालून देवळीत ठेवला. "बघू सावकाश," म्हणाली. रोज दिवा लावताना मला तो दिसायचा. एक दिवस गुरुजी आले, म्हणाले, "तारीख गेली हो परवाच." झालं! कोणी फाडला नाही, कोणी ओरडलं नाही. नुसता ठेवून दिला. मी गावातच सातवीपर्यंत शिकले, मग सायकलवर जाऊन दहावी, मग लग्न. वाईट काही झालं नाही माझं. पण ती देवळी मी विसरले नाही.

म्हणून लेक पाचवीत गेल्यावर नवोदयचा फॉर्म मी स्वतः भरला. हा फॉर्म ऑनलाइन असतो, त्याला एक पैसा पडत नाही. मूल त्याच जिल्ह्यात पाचवीत शिकत असायला हवं आणि संधी एकदाच मिळते. ऐंशी प्रश्न, शंभर गुण, दोन तास. त्यातले चाळीस प्रश्न बुद्धिमत्तेचे, वीस गणिताचे, वीस भाषेचे, आणि पेपर मराठीतून देता येतो. इंग्रजी आलंच पाहिजे असं काही नाही. किमान ७५ टक्के जागा खेड्यातल्या मुलांसाठी आणि एक तृतीयांश जागा मुलींसाठी असतात. १९८५-८६ मध्ये देशातली पहिली दोन नवोदय विद्यालयं सुरू झाली, त्यातलं एक हरियाणातल्या झज्जरला आणि दुसरं आपल्या अमरावतीला. आज देशभरात साडेसहाशेच्या वर आहेत. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं, सगळं सरकारी खर्चानं. नववीपासून विकास निधी म्हणून महिन्याला काही रक्कम घेतात, पण मुलींना तीही माफ. एवढं सगळं मला पाठ होतं, कारण जो भेटेल त्याला मी हेच सांगत होते.

मग निकाल लागला. लेकीचं नाव यादीत होतं. आणि काय सांगू, त्या क्षणी माझ्या पोटात गोळाच आला. इतके दिवस फॉर्म, सराव, हॉल तिकीट यांच्या गडबडीत एक गोष्ट लक्षातच आली नव्हती. यादीत नाव आलं म्हणजे अकरा वर्षांचं पोर घरातून जाणार! जिला अजून वेणी घालता येत नाही, जी रात्री माझा पदर धरल्याशिवाय झोपत नाही, ती!

आमचे हे कुरकुंभच्या कारखान्यात कामाला. ते म्हणाले, "तू ठरव." पाहुणेरावळे मात्र न विचारता ठरवत होते. "एकुलती एक पोर जड झाली का गं?" असं एकीने तोंडावर विचारलं. मी रात्री सासूबाईंना म्हटलं, "आत्या, नको पाठवायला. इथलं हायस्कूल काय वाईट आहे?" मला वाटलं, त्या लगेच हो म्हणतील. नातीवाचून त्यांना घास जात नाही.

आत्या भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुला कुणी न्हाय पाठिवलं, त्याचं तू मला धा वर्सं ऐकवतीस. आता तुझी पोर तुला ऐकवंल. तेवढंच हाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही दौंडच्या बाजारातून पत्र्याची पेटी आणली.

पेटी भरणं म्हणजे लग्नाच्या रुखवताइतकंच काम. प्रत्येक कपड्यावर नाव घालायचं, नाहीतर धुण्यात अदलाबदल होते. मी लाल दोऱ्याने कॉलरच्या आत अक्षरं विणली. दोन कुलपं, किल्लीला लांब नाडी. सुईदोरा, बटणं, नेलकटर, कंगवे दोन (एक हरवतोच). आणि एक गोष्ट ज्या मैत्रिणींच्या मुली जाणार असतील त्यांनी लक्षात ठेवा. पाळीबद्दल घरातून निघण्याआधीच नीट सांगून, पॅड कसं वापरायचं ते दाखवून पाठवा. आपण 'लहान आहे अजून' म्हणतो आणि नेमकं ते तिकडे जाऊन होतं. पोरीला कळलं पाहिजे की घाबरायचं नाही, मेट्रनबाईंना सांगायचं. आणि वेणी! पंधरा दिवस मी तिला रोज स्वतःची वेणी घालायला लावली. शेवटी आत्यांनीच कात्री आणून केस मानेपर्यंत कापून टाकले. पोरगी हसत होती, मी रडत होते.

तिथे गेल्यावर तिला शिवालिक हाउस मिळालं. नवोदयमध्ये अरावली, नीलगिरी, शिवालिक, उदयगिरी अशी चार हाउस असतात, चारही डोंगरांची नावं. खेळ, गाणी, भित्तिपत्रक, सफाई, सगळ्या स्पर्धा हाउसमध्ये चालतात. मोठ्या मुलींना दीदी म्हणायचं, मोठ्या मुलांना भैया. पहाटे पीटी, मग प्रार्थना, मग शाळा. संध्याकाळी खेळ, रात्री अभ्यासिका, झोपण्याआधी हजेरी. जेवायला रांगेत जायचं, आपलं ताट आपण धुवायचं. मुलांकडे मोबाइल नाही. हे सगळं त्या दिवशी एका दीदीने आम्हाला इतक्या टापटिपीने सांगितलं की मला वाटलं, ही कुणा शिक्षकाची मुलगी असेल. तिचे वडील मेंढ्या राखतात हे नंतर कळलं.

पहिला महिना बरा गेला. दुसऱ्या महिन्यात फोन आला. शाळेच्या फोनवर रांगेतून प्रत्येकीला थोडाच वेळ मिळतो. लेक एवढंच बोलली, "आई, मला न्यायला ये."

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी मी रिकामी मोठी पिशवी घेऊन निघाले, तिचे कपडे भरून आणायला. आत्या काही बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "डबा मोठा कर."

भेटायचा रविवार होता. झाडांखाली सगळीकडे घरं मांडल्यासारखी सतरंज्यांवर माणसं बसलेली. कुणी इनोव्हातून आलेलं, कुणी माल वाहायच्या टेम्पोतून. पण डबे सगळ्यांचे उघडलेले. लेक धावत आली, गळ्यात पडली, ढसाढसा रडली. मी डबा उघडला. तिने डोळे पुसले, उठली आणि "थांब हं" म्हणून निघून गेली. परत आली ती पाच जणींना घेऊन! "यांचं कोणी आलं नाही," म्हणाली. एकीचे आईवडील वीटभट्टीवर, एकीची आई आजारी, एकीला आईच नाही. सहा पोरी आणि एक डबा. कुणी कुणाला विचारलं नाही. एकीने पोळ्यांचे तुकडे केले, एकीने भाजीचे वाटे घातले. सगळ्यात धाकटी दिसणारी म्हणाली, "आधी जिची आई तिला." मग माझ्या लेकीने पहिला घास घेतला. हा त्यांचा नियम. कुठल्या वहीत लिहिलेला नाही, वरच्या वर्गातल्या मुलींकडून आलेला. डबा आला की आधी जिचा आहे तिचा घास, मग सगळ्यांचा.

जेवण झाल्यावर मी हळूच म्हटलं, "चल, कपडे भरू?"

लेक बराच वेळ जमिनीवर रेघोट्या ओढत बसली. मग म्हणाली, "पुढच्या रविवारी कबड्डी आहे हाउसची. ती झाल्यावर बघू."

"बघू." तोच शब्द! माझ्या आजीचा. पण आजीच्या 'बघू'त दार बंद होतं आणि या 'बघू'त उघडं. मी रिकामी पिशवी तशीच परत आणली. खोटं कशाला सांगू, गाडीत सगळ्यांसमोर रडले. कबड्डी झाली, मग सहामाही आली, मग दिवाळीची सुट्टी आणि त्यानंतर न्यायला ये असा फोन कधी आला नाही.

आता 'वारा'चं सांगते. आत्यांच्या माहेरी त्यांच्या लहानपणी एक विद्यार्थी दर गुरुवारी जेवायला यायचा. लांबच्या खेड्यातला, शाळेसाठी गावात राहिलेला. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, असे त्याचे सात वार सात घरांत लावलेले. याला वार लावून जेवणं म्हणत. कुणी दारोदार माधुकरी मागून शिकलं, कुणी वार लावून. आपल्याकडची आधीची कितीतरी शिकलेली माणसं अशीच वाढली. वसतिगृहं नव्हती तेव्हा गाव हेच वसतिगृह होतं. पण त्यातही एक मेख होती. जात बघूनच वार मिळायचा. ज्यांना कुणी उंबऱ्याच्या आत घेत नव्हतं, त्यांनी शिकायचं कुठे?

म्हणून तर बोर्डिंगं निघाली. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक बोर्डिंगं उभी करायला हात दिला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला. त्या पंगतीचा स्वयंपाक करणाऱ्या होत्या कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई. घरातून आलेले सोवळ्याओवळ्याचे संस्कार त्यांनी बाजूला ठेवले. मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने एकेक करून गेले आणि एकदा कोठीत धान्य नव्हतं तेव्हा त्यांनी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. १९३० मध्ये त्या गेल्या. शाळांच्या भिंतींवर कर्मवीरांचा फोटो आपण बघतो. त्या पंगतीत किती भाकरी थापल्या गेल्या याचा हिशेब कोण ठेवणार?

आणि मुलींचं? त्यासाठी मला लांब जावं लागत नाही. पुण्याहून दौंडला येताना केडगाव स्टेशन लागतं, आमच्याच तालुक्यातलं. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. रमाबाईंनी ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढलं, तेव्हा अगदी सुरुवातीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची एक बालविधवा होती. भावाने तिला तिथे आणून सोडलं. पुढे १८९३ मध्ये तिने धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. 'माझे पुराण' हे त्यांचं आत्मचरित्र. विधवा मुलीला घराबाहेर ठेवून शिकवायचं, त्या काळात! लोकांनी त्या भावाला काय काय ऐकवलं असेल, ते मी कल्पनेने ऐकू शकते. 'जड झाली का' हे तर नक्कीच. मग १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमार झालेल्या शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या, त्या केडगावला. तिथे त्या बायका लिहायला-वाचायला शिकल्या, शेती शिकल्या, विणकाम शिकल्या आणि छापखान्यात खिळेही जुळवायला लागल्या. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या, संस्था अजून चालू आहे. आमच्या गाडीतल्या किती जणींना ठाऊक असतं, खिडकीतून काय मागे जातंय ते?

अशी दारं काही झटकन उघडत नाहीत. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ ची, देशातली पहिल्या काही सैनिक शाळांपैकी एक. पण सगळ्या सैनिक शाळांमध्ये मुलींना प्रवेश मिळायला २०२१ साल उजाडावं लागलं. साठ वर्षं! त्या मानाने आमच्या देवळीतला फॉर्म फार जुना नाही म्हणायचा.

तर लेक सहावीतून सातवीत, सातवीतून आठवीत गेली. सुट्टीत घरी आली की जेवल्यावर ताट उचलून धुवायची. एकदा तिने तिच्या बाबांचंही ताट त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "बाबा, तिकडे भैया लोकपण धुतात." आमचे हे माझ्याकडे बघायला लागले. मी खिडकीबाहेर बघायला लागले. त्या दिवसापासून ते धुतात, म्हणजे आठवण करून दिली की धुतात.

मग नववी आली आणि नवोदयची सगळ्यात मोठी प्रथा समोर आली. नववीतली तीस टक्के मुलं एका वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रांतातल्या नवोदयमध्ये जातात आणि तिकडची मुलं इकडे येतात. आपली मराठी मुलं हिंदी मुलुखात, तिकडची आपल्याकडे. देश एक आहे असं पुस्तकात वाचण्यापेक्षा तिथल्या थंडीत वर्षभर राहून कळावं, असा त्यामागचा विचार. लेकीचं नाव त्यात आलं. पालकांच्या सहीचा कागद घेऊन ती घरी आली.

मी तो कागद वाचला. आणि काय केलं असेल मी? घडी घातली आणि फ्रिजवर ठेवला. "बघू," म्हटलं.

तीन दिवस तो तिथेच होता. चौथ्या दिवशी दूध काढायला गेले, तर कागद दिसला आणि एकदम अंगावर काटा आला. फ्रिज काय आणि देवळी काय! मी तिथेच उभ्या उभ्या सही केली. पेनाची शाई नीट उतरत नव्हती म्हणून दोनदा केली.

ती निघाली ती शाळेच्या गटाबरोबर, पुण्याहून गाडीने. आम्ही म्हटलं, दौंडवरूनच तर जाणार, भेटू स्टेशनवर. आमच्या दौंडला पूर्वी मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचे. गाडी चांगली वीस-पंचवीस मिनिटं उभी राहायची. प्रवासी उतरून चहा प्यायचे, नळावर तोंड धुवायचे. आता कॉर्ड लाइनचं वेगळं छोटं स्टेशन झालंय. बऱ्याच गाड्या तिथूनच परस्पर वळतात. वेळ वाचतो म्हणतात. माझा वेळ मात्र गेला. गाडी आली, मी डबे मोजत धावले, खिडकीतून तिचा हात दिसला. पुरणपोळ्यांचा डबा आत दिला. "स्वेटर घाल" एवढंच बोलले. तोवर गाडी हलली. मागे राहिलेल्या आत्या म्हणाल्या, "दिसली का?" मी म्हटलं, "हात दिसला."

पुढच्या महिन्यात भेटायचा रविवार आला. मी सवयीने पहाटे जागी झाले आणि मग आठवलं, जायचं कुणाकडे? परत पडले. थोड्या वेळाने स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज. बघते तर आत्या परात घेऊन कणीक मळायला बसलेल्या.

"कुणासाठी, आत्या?"

"तिकडल्या पोरी इकडं आल्याती न्हवं? त्यांना रविवारी कोण?"

मला काही सुचेना. आत्या म्हणाल्या, "आमच्याकडं गुरुवारी यायचा तो पोरगा, त्याचं नाव पण मला ठावं न्हाय. माझी आई त्याला वाढताना म्हणायची, ह्येची आई कुठंतरी जेवत नसंल. जा. आपला रविवारचा वार."

मी गेले. हाउसच्या मॅडमना विचारलं. त्या हसल्या आणि तिकडून आलेल्या एका मुलीला बोलावलं. सडपातळ, दोन वेण्या, माझ्या लेकीएवढीच. लाजत सतरंजीच्या कडेला बसली. मला हिंदी यथातथाच, तिला मराठी नाही. मी शेंगदाण्याची चटणी वाढली. एक घास घेतला आणि बिचारीच्या डोळ्यांतून पाणी! "बहुत तीखा है, आंटी." मग मी गुळाची दशमी पुढे केली. ती मात्र तिने चाटूनपुसून खाल्ली. मी म्हटलं, "पहला घास तुम्हारा, फिर सबका." तिला तो नियम माहीत होता. म्हणाली, "वहाँ भी ऐसा ही है." आणि उठून आणखी तिघींना घेऊन आली.

तेव्हापासून हे चालू आहे. चटणी आता मी कमी तिखट करते, तरी थोडी वेगळी तिखटही नेते, कारण आता तिला हवी असते. 'आंटी'ची 'काकू' झालेय. मागच्या वेळी म्हणाली, "काकू, भाजी मस्त झाली." पार आपल्या शिरूरच्या हेलात!

मैत्रिणींनो, तुम्हाला वाटेल, तिकडे माझ्या लेकीलाही कोणी तरी डबा आणत असेल. मीही मनातून तसंच धरून चालले होते. फोनवर विचारलं तर म्हणाली, "नाही गं, मला इथे कोणी नाही आणत. पण आई, मला चालतं. मेसची खिचडी बरी असते. आणि रविवारी मी लायब्ररीत जाते." मला क्षणभर लागलं. मग वाटलं, वार असा फेडून घ्यायचा नसतोच. आत्यांच्या आईने ज्याला वाढलं, त्याने त्यांच्या घरी कुणाला थोडंच वाढलं? त्याने दुसरीकडे कुठेतरी वाढलं असेल. नसेलही. आपण आपला दिवस सांभाळायचा.

आणि हो, ते डब्याचं राहिलंच. गेल्या रविवारी ती मुलगी डबा धुऊन घेऊन आली आणि माझ्या हातात दिला. घरी येऊन मी तो ओट्यावर ठेवला, तर आत काहीतरी खडखडलं. आत्यांनी उघडला. चार गाभुळलेल्या चिंचा. आवारातल्या झाडाखालून वेचलेल्या असणार, दुसरं तिच्याकडे होतं काय?

आत्यांनी एक चिंच तोंडात टाकली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "कुणाची का लेक असंना, रिकामा डबा न्हाय दिला बघ."